टॅप ब्लॉक: रात्र सुखाची, पहाट नाही

दोन बाळंतपणांनंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले, म्हणून टमी टक, म्हणजे पोट घट्ट करायची शस्त्रक्रिया, करून घेतलं. सर्जनबद्दल नंतर कधीतरी. आज लिहितेय ते भूलतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या टॅप ब्लॉकबद्दल. पूर्ण भूल चढल्यावर सोनोग्राफीवर बघत त्यांनी कमरेच्या दोन्ही बाजूंना, पोटाच्या सगळ्यात आतल्या दोन स्नायूंच्या मध्ये बधिर करणारं औषध सोडलं. पोटाच्या भिंतीच्या नसा तिथूनच जातात. मला अर्थात काही कळलं नाही, पण आदल्या दिवशी बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा बेंबीखालचा भाग जणू दुसऱ्याच कुणाचा! सिझेरियननंतर दुखण्याच्या इंजेक्शनांनी मला उलट्या झाल्या होत्या, आणि पोटाला टाके असताना उलटी म्हणजे काय ते भोगलेल्यालाच ठाऊक. या वेळी मॉर्फिनसारखं काही लागलंच नाही, पॅरासिटामॉलवर भागलं. संध्याकाळी वाकून का होईना, बाथरूमपर्यंत चालत गेले.

एक तारा मात्र कापतेय. बरगड्यांखाली, जिथवर स्नायू शिवून घट्ट केले होते, तिथला ताण पहिल्यापासून जाणवत होता. कमरेतून दिलेला ब्लॉक तिथवर नीट पोचत नाही. शिवाय साधारण १६ तासांनी, ऐन पहाटे, औषधाचा अंमल उतरला तो एकदम. त्याआधीच गोळी घेऊन ठेवायची असते, हे रात्रीच्या नर्सने सांगायला हवं होतं. मी कण्हतच जागी झाले.