जावाची कलेक्शन्स: बारा वर्षं रोज वापरल्यानंतर

बॅकएंडच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या भागाच्या) कामात माझा हात दिवसभर कशाला लागत असेल, तर जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या कलेक्शन्सना, म्हणजे अनेक वस्तू एकत्र साठवायच्या तयार साधनांना. अ‍ॅरेचा (सलग खान्यांच्या साठ्याचा) आकार एकदा ठरला की ठरला, म्हणून वाढणाऱ्या साठ्यासाठी सुरुवातीला व्हेक्टर आणि हॅशटेबल होते. पण ते सुटे सुटे, एका सूत्रात न बसणारे. १९९८ मध्ये १.२ आवृत्तीत जोशुआ ब्लॉक यांनी आखलेलं फ्रेमवर्क आलं आणि लिस्ट (क्रमवार यादी), सेट (एकच वस्तू दोनदा न ठेवणारा संच), मॅप (किल्लीवरून मूल्य शोधून देणारा साठा) अशी नीट घडी बसली.

मला यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की वस्तू कशी वागेल हे इंटरफेस सांगतो आणि आतली बांधणी क्लासकडे राहते. माझी मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा) फक्त लिस्ट मागते. देणाऱ्याने उद्या क्लास बदलला तरी माझ्या ओळींना धक्का लागत नाही. मी स्वतः बहुतेक वेळा अ‍ॅरेलिस्टच (आतून अ‍ॅरे वापरणारी लिस्ट) घेते. मध्ये घटक घालायचे असतील तर लिंक्डलिस्ट (एकमेकांना जोडलेल्या कड्यांची लिस्ट) घ्या, असं शिकवतात खरं, पण त्या मधल्या जागेपर्यंत पोचायलाच एकेक कडी चालत जावं लागतं, हे सांगायचं राहून जातं. रांग हवी असेल तर अ‍ॅरेडेक (दोन्ही टोकांना घालता-काढता येणारा साठा) घ्यावा.

हॅशमॅपवर माझा फार जीव आहे. किल्लीवरून एक आकडा, म्हणजे हॅश, काढून नोंद कुठल्या खान्यात ठेवायची ते हा मॅप ठरवतो. सुरुवातीला १६ खाने, नोंदी त्यांच्या पाऊणपटीच्या वर गेल्या की खाने दुप्पट. २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून एकाच खान्यात फार गर्दी झाली तर तिथल्या नोंदींच्या साखळीचं झाड (फांद्यांसारखी रचना) होतं, त्यामुळे शोध रखडत नाही.

पण त्याचा करार, म्हणजे हॅश ज्यावरून काढला ती माहिती मध्येच न बदलण्याचा नियम, पाळावाच लागतो. एका प्रकल्पात ऑर्डरचे ऑब्जेक्ट हॅशसेटमध्ये (आतून हॅशमॅपच वापरणाऱ्या सेटमध्ये) होते आणि हॅशकोड, म्हणजे तो हॅशचा आकडा, काढताना आयडीबरोबर ऑर्डरची स्थितीही घेतली होती. सेटमध्ये टाकल्यावर कुणीतरी स्थिती ‘प्रलंबित’ची ‘पूर्ण’ केली. कंटेन्स (सेटमध्ये ती आहे का, हे विचारणारी मेथड) म्हणतंय फॉल्स, म्हणजे नाही, आणि सेट प्रिंट केला तर तीच ऑर्डर डोळ्यांसमोर! दीड दिवस गेला. ऑब्जेक्ट जुन्या हॅशने ठरलेल्या खान्यात पडून होता आणि शोध नव्या हॅशने चालला होता. शेवटी इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे का, हे ठरवणारी मेथड) आणि हॅशकोड, दोन्ही फक्त आयडीवर आणले. आयडी कधी बदलत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. लिस्ट बदलता येते की नाही, हे तिच्या प्रकारावरून कळत नाही. नवव्या आवृत्तीतल्या लिस्ट डॉट ऑफने बनवलेली, न बदलता येणारी यादीसुद्धा लिस्टच. तिच्यावर अ‍ॅड लिहिलं तर कोड चालण्याआधी तपासणारा कंपायलर गप्प बसतो आणि प्रोग्राम चालताना अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन ही चूक येते. हा फरक प्रकारातच दिसायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. पूर्णांकांच्या लिस्टवरचं रिमूव्हही असंच फसवं: रिमूव्हला ५ दिलात तर ५ हा आकडा जात नाही, पाचव्या इंडेक्सवरचा, म्हणजे सहावा घटक जातो (इंडेक्स शून्यापासून मोजतात). नवीन मुलांचा कोड तपासताना मी हे आधी बघते.

तरी शिकायला सुरुवात करणाऱ्याला मी जावाची कलेक्शन्सच सुचवेन, आणि शक्य असेल तर २०२३ ची २१ वी आवृत्ती घ्या. तिच्यात लिस्टचा शेवटचा घटक मिळवायला सरळ गेटलास्ट आहे. आमच्या जुन्या कोडमधल्या ‘साइज वजा एक’वाल्या ओळी मी दिसतील तशा काढून टाकतेय.