पर्लमधलं $_ : आठ महिने रोज वापरल्यानंतर

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशनासाठी जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये आणायचं काम मी करतो. आमच्या फाइलींतला मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यावी लागते. ही अदलाबदल करायला मी पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा घेतली. लॅरी वॉल यांची ही भाषा १९८७ सालची, पण मजकूर चाळायला आजही मला तिच्याइतकी सोयीची दुसरी सापडलेली नाही.

त्या सोयीचं मोठं श्रेय $_ ला, म्हणजे पर्लने आयत्या दिलेल्या चलाला (चल म्हणजे किंमत ठेवायची जागा). आत्ता हातात जे आहे ते, असा त्याचा अर्थ. फॉर लूप (यादीतल्या प्रत्येक घटकावर तेच काम करणारी रचना) लावलात आणि चलाला नाव दिलं नाहीत, की चालू घटक आपोआप $_ मध्ये येतो. शोध, अदलाबदल, छपाई यांना काहीच सांगितलं नाही तर ती कामं त्याच्यावरच होतात.

पण खरी गोष्ट पुढे आहे. लूपमधलं $_ म्हणजे घटकाची प्रत नव्हे, तो घटकच. नाव फक्त दुसरं. त्यामुळे लूपमध्ये वेलांटी सरकवली की मूळ यादीतच ती सरकते. परत भरायला नको, नवी यादी नको. हॅशच्या (म्हणजे चावी आणि किंमत अशा जोड्यांच्या साठ्याच्या) किमतींवर लूप लावला तरी तसंच. चाव्या मात्र प्रत म्हणून मिळतात.

मॅपने मला चांगलंच फसवलं. मॅप यादीतल्या प्रत्येक घटकावर काम करून नवी यादी देतो, म्हणजे जुनी शाबूत राहील असं मी धरून चाललो. आत अदलाबदल केली तर जुनीही बदलते. ५.१४ आवृत्तीपासून अदलाबदलीला आर फ्लॅग (आदेशाच्या शेवटी जोडायचं r हे अक्षर) लावता येतो, तो मूळ मजकुराला हात न लावता बदललेला मजकूर परत देतो. मॅपमध्ये मी आता तोच वापरतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तिसऱ्या महिन्यात. धड्यांच्या फाइलींची नावं एका यादीत होती. लूपमधून प्रत्येक नावासाठी एक फंक्शन बोलवत होतो, ते फाइल उघडून व्हाइल लूपने (अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या) ओळी वाचायचं. काम बरोबर झालं, पण शेवटी यादी बघतो तर सगळी नावं गायब! दोन संध्याकाळी गेल्या. फॉर स्वतःपुरतं $_ जपतो आणि संपल्यावर जुनं परत ठेवतो. ओळी वाचणारा व्हाइल तसं काही करत नाही. तो प्रत्येक ओळ थेट त्याच $_ मध्ये टाकतो आणि फाइल संपली की तिथे काहीच उरत नाही. आणि ते $_ म्हणजे तर माझ्या यादीतलं नाव होतं.

उपाय साधा: व्हाइलमध्ये वाचलेली ओळ नाव दिलेल्या चलात घ्या, माझ्याकडे ते $ओळ आहे. (कोड युटीएफ-८ या युनिकोड साठवणपद्धतीत आहे अशी सूचना वर लिहिली की पर्लला देवनागरी नावं चालतात.) फॉरलाही मी आता $धडा असं नाव देतो, म्हणजे दुसऱ्या कुणी $_ पुसलं तरी यादी शाबूत राहते. मात्र $धडा बदललात तर यादी बदलतेच. नाव दिल्याने प्रत होत नाही. प्रत हवी असेल तर लूपच्या आत वेगळ्या चलात घ्यावी लागते.

माझ्या स्क्रिप्टमध्ये $_ आता एका ओळीपुरतंच उरलंय. तिथून मात्र ते काढायला मी तयार नाही.