कंत्राटी आयटी कंपनी की परदेशी कंपनीचं स्वतःचं केंद्र?

अमेरिकेत ‘नोकऱ्या परत आणा’चा सूर चढला की पुण्याच्या आयटी पट्ट्यात, हिंजवडीत झोप उडते. सप्टेंबर 2025मध्ये अमेरिकेत कामासाठी लागणाऱ्या एच-1बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलरचं शुल्क आलं. त्याच महिन्यात अमेरिकी सिनेटर बर्नी मोरेनो यांनी देशाबाहेर दिलेल्या कामाच्या मोबदल्यावर 25 टक्के कराचं विधेयक मांडलं. मग नोकरी धरावी कुठे?

कंत्राटी कंपनीत काम ग्राहकाचं. करार संपला की आपण बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना बसून. माझ्या वहिनीनं रात्री साडेनऊच्या कॉलवर तीन आठवडे ओहायोतल्या माणसाला स्वतःचंच काम शिकवलं. वही प्रश्नांनी भरलेली, बाजूला गार झालेला चहा. शेवटी त्यानं मनापासून आभार मानले. त्याच्यावर राग नाही. त्यालाही घर चालवायचंय. पण प्रकल्प गेला तो गेलाच.

पुण्यातच खराडीत असलेल्या एखाद्या परदेशी कंपनीच्या स्वतःच्या केंद्रात उत्पादन आतून कळतं. घडवलेली टीम मोडणं कंपनीलाही जड जातं. मात्र मुख्यालयाचं मन फिरलं, तर तिथे दुसरा ग्राहक नाही. कंत्राटी कंपनीत निदान दुसऱ्या प्रकल्पाची आशा असते.

तरी मी केंद्रच निवडेन, वहिनीलाही तेच सांगितलंय. गुरुवारी तिची मुलाखत आहे.