फाइल पाठवू की लिंक? छोट्या बँडची गाणी वाटण्याआधी

गेल्या आठवड्यात कॉलेज रोडवर एका मुलानं मला गाठलं. "दादा, तुमच्या बँडची जुनी पाच गाणी माझ्याकडे आहेत. हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकू का, की नुसती लिंक देऊ?" त्यानं विचारलं, याचंच मला अप्रूप वाटलं. बहुतेक जण विचारत नाहीत. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, गाणं आवडलं म्हणूनच ते पुढे पाठवतात. अशा पेचात असलेल्यांसाठी हे लिहितोय. मी नाशिकमध्ये बारा वर्षं एका छोट्या बँडमध्ये बेस वाजवतो, त्यामुळे मी या प्रश्नात तटस्थ नाही.

आधी फाइलची बाजू मांडतो, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. काही वर्षांपूर्वी आमची हार्ड डिस्क गेली आणि तिच्यासोबत पहिलं सगळं रेकॉर्डिंग गेलं. दोन महिने आम्ही कपाटं उपसत होतो. शेवटी ती गाणी सिडकोतल्या एका श्रोत्याच्या पेन ड्राइव्हवर सापडली. त्यानं ती मित्राकडून घेतली होती आणि मित्रानं आमच्या सीडीवरून. विकत घेतलेली सीडी एकच, पण तिची नक्कल होत गेली म्हणून आमची गाणी आज आहेत. लिंकला हे जमत नाही. आमची गाणी ॲपवर चढवणाऱ्या काही वितरक कंपन्यांची वार्षिक वर्गणी भरायची राहिली, तर गाणी ॲपवरून उतरतात आणि लिंक मुकी होते. फाइल मात्र कसारा घाटात रेंज गेली तरी वाजते.

आता दुसरी बाजू. सीबीएसहून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, नाशिकरोडला शेअर रिक्षानं जात होतो. रिक्षात आमचंच गाणं लागलं. अंगावर काटा आला. मी विचारलं, "भाऊ, कोणाचं आहे हे?" रिक्षावाले म्हणाले, "माहीत नाही, कार्डात भरून आलंय, पण लई भारी आहे." स्क्रीनवर नाव होतं 'ट्रॅक ०३'. ते गाणं त्यांना मनापासून आवडत होतं. पण त्यांना आमचं दुसरं गाणं शोधता येणार नव्हतं, की आमच्या कार्यक्रमाला येता येणार नव्हतं. "पैसे नाही मिळाले तरी नाव तर होतं ना?" असं लोक आम्हाला समजावतात. पण नाव होतच नव्हतं. फाइल तिसऱ्या-चौथ्या हातात जाईपर्यंत ते गळून पडलं होतं.

आपल्याच जिल्ह्यात याचं उत्तर फार पूर्वी सापडलेलं आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी गायन पार्ट्यांनी, म्हणजे गाणाऱ्यांच्या चमूंनी, वह्यांत उतरवून, एकमेकांकडून ऐकून महाराष्ट्रभर नेली. त्या नकलांवर कोणाचा ताबा नव्हता. पण वामनदादा शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफत, त्यामुळे गाणं कुठेही गेलं तरी गाणाऱ्याच्या तोंडून कवीचं नाव येतच असे. आमच्या गाण्यांत अशी नाममुद्रा नाही. ते काम पाठवणाऱ्यालाच करावं लागतं.

कायदा थोडक्यात सांगतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा खासगी, वैयक्तिक वापराला रास्त मर्यादेत मोकळीक देतो. शंभर जणांच्या ग्रुपवर फाइल टाकणं त्यात बसवणं अवघड आहे. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. माझ्या लेखी कलम ५७ जास्त महत्त्वाचं: गीतकार-संगीतकारानं हक्क विकून टाकले, तरी कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. आणि एखाद्या बँडनं क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना वाटायची आधीच मोकळीक देणारा, परवाना लावला असेल, तर नाव देऊन गाणी खुशाल वाटा. परवाना विनाव्यावसायिक असेल, तर त्यातून कमाई मात्र करू नका.

लिंक पाठवली की नाव टिकतं, किती वेळा ऐकलं त्याचे आकडे दिसतात, पुढचं गाणं आपोआप सापडतं. एखाद्या कॅफेवाल्याला "आम्हाला वाजवू द्या" म्हणताना ते आकडे कामी येतात. पैशांची मात्र आशा धरू नका. गाणी ऐकण्याचं ॲप स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं तेव्हा आम्ही खूष होतो. पण २०२४ पासून तिथे नियम असा आहे की मागच्या १२ महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या रेकॉर्डिंगचा मोबदला मिळत नाही. आमची बहुतेक गाणी त्या रेषेखालीच असतात. म्हणजे पैशांपुरतं बोलायचं तर अशा गाण्यांची लिंक आणि फाइल सारखीच. फरक नावाचा आणि वाटेचा आहे.

विकत घेण्याशी या दोन्हींची बरोबरी होत नाही. बँडकॅम्प या गाणी विकण्याच्या वेबसाइटवर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के कंपनी घेते, वर पैसे पोचवण्याचा खर्च, आणि बाकी बँडचं. कार्यक्रमानंतर कोणी यूपीआयनं थेट शंभर रुपये दिले, तर शंभरच्या शंभर येतात. आमच्यासाठी तो स्टुडिओच्या तासाचा एक तुकडा असतो. एकानं विकत घेऊन दोन जिवलग मित्रांना फाइल दिली, तर मला त्यात अन्याय वाटत नाही. अनोळखी शंभर जणांना दिली, तर वाटतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याच बाजूनं मान्य नाही: अर्धवट मिक्स आणि तालमीतलं रेकॉर्डिंग. तालमीत आम्ही चुकतो, भांडतो, शब्द बदलतो. ते बाहेर जाणं फार लागतं. एकदा गेलं की परतही येत नाही.

त्या मुलाच्या पाच फाइली मी तिथेच पाहिल्या. दोन गाणी अजून ॲपवर आहेत, त्यांची लिंक दे म्हटलं. दोन आता कुठेच मिळत नाहीत, ती फाइल म्हणूनच पाठव म्हटलं. पाचवी आमची तालीम निघाली, ती त्यानं माझ्यासमोर पुसली. मग फुटपाथवर बसून त्या दोन फाइलींत आम्ही बँडचं नाव, वर्ष आणि 'नाशिक' असं भरलं.