स्मरणिकेचे लेखन आणि पेटीची शिकवणी : मालवण तालुक्यातील एका गुरुजींकडील अनुभव

आमच्या गावातील प्राथमिक शाळेच्या शताब्दीनिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा लेखन-संपादनाचे काम आम्ही मालवण तालुक्यातील एका माजी शिक्षकांकडे सोपवले. पुढे माझ्या मुलीलाही त्यांच्याकडेच पेटी शिकायला घातले. गुरुजींनी नोकरी सोडली ती लेखन आणि संगीत यांवर चरितार्थ चालवायचा असे ठरवूनच. कोकणाला लिहिणारे शिक्षक नवीन नाहीत. मालगुंडला 1866 साली जन्मलेले केशवसुत शिक्षकच होते. मात्र शाळेचा पगार सोडून मानपत्रे, स्मरणिका, वृत्तपत्रांतील लेख आणि भजनांची साथ यांवर घर चालवणे ही वेगळीच जोखीम आहे, आणि ती पत्करलेला माणूस कामात कसूर करत नाही, असा माझा अनुभव आहे.

स्मरणिकेसाठी ते जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन बसले. शाळेचे जनरल रजिस्टर त्यांनी स्वतः चाळले आणि आठवणीत सांगितलेले प्रत्येक साल त्याच्याशी ताडून पाहिले. एका आजींनी सांगितलेले "व्हाळ इलो की शाळा बंद" (ओढ्याला पाणी आले की शाळा बंद) हे मालवणी वाक्य प्रमाण मराठीत आणावे, असा समितीतील काहींचा आग्रह होता. गुरुजींनी ते जसेच्या तसे ठेवले, आणि प्रकाशनाच्या दिवशी लोकांनी सर्वांत आधी तेच पान एकमेकांना वाचून दाखवले. देणगीदारांच्या मजकुरातील विशेषणे त्यांनी निर्दयपणे छाटली. त्यावरून थोडी नाराजी झाली. माझ्या मते छाटणी योग्यच होती.

पेटीच्या वर्गात त्यांच्यातला शिक्षक अधिक दिसतो. ओळ आधी गळ्यातून आल्याशिवाय ते पट्टीवर बोट ठेवू देत नाहीत. सुरुवातीला मुलीची सारी ताकद भाता जोरात मारण्यात जात असे. गुरुजींनी तिला एकच सूर धरायला लावला आणि तो न हेलकावता टिकेल इतक्याच संथपणे भाता चालवायला सांगितले. आधी अलंकार, म्हणजे सुरांच्या सरावाचे पलटे, मग राग भूपाली आणि त्यानंतर अभंग असा त्यांचा क्रम आहे. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनांत वर्षानुवर्षे साथ केल्यामुळे बुवा गाता गाता पट्टी बदलतात तेव्हा पेटीने मागे कसे राहायचे आणि जागा कुठे भरायची, हे ते वाजवून दाखवतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी ते करून घेतात, पण परीक्षेची घाई करत नाहीत. पावसाळ्यात समुद्राकडच्या दमट हवेने पट्ट्या फुगून अडकतात आणि पेटीतल्या धातूच्या सुरांना गंज चढतो, म्हणून विद्यार्थ्यांच्या पेट्याही ते अधूनमधून उघडून पाहतात. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

उणिवाही आहेत. हस्तलिखित ते कागदावरच देतात, त्यामुळे टंकलेखनाचा आणि मुद्रितशोधनाचा खर्च आपल्यावर येतो. श्रावणातील सप्ताहांपासून गणपती जाईपर्यंत ते भजनांतच गुंतलेले असतात. त्या काळात लेखनाचे काम मुदतीत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये आणि वर्गही वरचेवर बुडतात. मे महिन्यात चाकरमान्यांची मुले आल्यावर वर्गात गर्दी होते, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पेटी कमीच येते. मानधन ते आधी स्पष्ट सांगतात, निम्मे सुरुवातीला घेतात आणि नंतर वाढवत नाहीत. स्मरणिकेचे काम द्यायचे असल्यास दिवाळीनंतर लगेच भेटावे. मुलांना पेटीला घालायचे असल्यास जून महिना बरा.