दूध, दही, तीळ की गोळी? कॅल्शियम कुठून घ्यायचं, आणि वजनाचं काय

"ताई, दूध बंद केलं मी. आता वजन उतरेल न?"

दिवाळी झाली की हे वाक्य मला दरवर्षी ऐकू येतं. या वेळी ते आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींनी म्हटलं. वय 46, वजन 74 किलो, थायरॉइडची गोळी चालू. त्याच आठवड्यात त्यांच्या सासूबाईंचं मनगट मोडलं आणि डॉक्टरांनी दूध वाढवायला सांगितलं. आणि भाऊजींना मुतखडा निघाला, तर नातेवाइकांनी त्यांचं दूध, दही, पनीर सगळं तोडायला लावलं. एका घरात तीन माणसं आणि तिघांना तीन सल्ले. नागपुरात आहारसल्ल्याचं काम करताना वीस वर्षं मी हेच तीन प्रश्न ऐकते आहे. म्हणून घरात जे जे पर्याय असतात ते एकमेकांसमोर ठेवून बघू.

आधी गरज किती ते बघू. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रौढांसाठी रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं. पाळी गेलेल्या बायकांसाठी 1200. त्याआधी 2010 मध्ये हाच आकडा प्रौढांसाठी 600 होता, म्हणून जुन्या तक्त्यांत आणि नव्या तक्त्यांत फरक दिसतो. आपलं रोजचं ताट, म्हणजे पोळी, वरण-भात, भाजी, कधी ज्वारीची भाकर, यातून दूधदुभतं वगळलं तर माझ्या हिशेबात आकडा 400 च्या पुढे क्वचितच जातो. म्हणजे दूध सोडायचं तर पाचसहाशे मिलिग्रॅमची सोय दुसरीकडून करावी लागते. वहिनींनी ती केली नव्हती. बहुतेक जण करत नाहीत.

दुधाने वजन वाढतं की उतरतं?

दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती झाली आहे. 2004 मध्ये अमेरिकेत मायकेल झेमेल यांनी 32 लठ्ठ व्यक्तींवर 24 आठवडे प्रयोग केला. सगळ्यांच्या आहारातून रोज 500 कॅलरी कमी केल्या होत्या. कमी कॅल्शियम घेणाऱ्यांचं वजन 6.4 टक्के उतरलं, कॅल्शियमची गोळी घेणाऱ्यांचं 8.6 टक्के आणि दूध-दही जास्त घेणाऱ्यांचं 10.9 टक्के. यावर तिकडच्या दुग्धव्यवसायाने "दूध प्या, बारीक व्हा" अशा जाहिराती केल्या. 2007 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने लक्ष घातल्यावर त्या थांबल्या, कारण पुढच्या मोठ्या चाचण्यांनी तो दावा उचलून धरला नाही. 2009 मध्ये 340 जणांना दोन वर्षं रोज 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम किंवा कॅल्शियम नसलेली नुसतीच खोटी गोळी दिली. वजनात फरक पडला नाही. 36 हजारांहून अधिक पाळी गेलेल्या बायकांवर सात वर्षं चाललेल्या चाचणीत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व घेणाऱ्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी 130 ग्रॅमने कमी वाढलं. 130 ग्रॅम म्हणजे पाटीवरचं एक मध्यम संत्रं.

यामागे शास्त्र अगदीच नाही असं नाही. कॅल्शियम आतड्यात थोड्या स्निग्धाला धरतं आणि ते शौचावाटे निघून जातं. पण हे प्रमाण दिवसाला चारपाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चाळीसपंचेचाळीस कॅलरी. एक मारी बिस्किट जास्त खाल्लं की त्यातलं बरंचसं परत आलं. 2012 मध्ये 29 चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा चित्र असं निघालं: जेवण आवरलेलं असेल तर दूध-दह्याची थोडी मदत होते. जेवण तसंच ठेवून वरून दूध वाढवलं तर काही उतरत नाही. ही मदत बहुधा दुधातल्या प्रथिनांची आहे. पाव लिटर दुधात सुमारे 8 ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्याने पोट भरल्यासारखं राहतं.

तर मग वहिनींचं वजन दुधाने वाढलं होतं का? मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून एक दिवस मोजलं. दिवसातून चार वेळा चहा. पातेल्यात ओतण्याआधी दूध मापाच्या पेल्यात घेतलं: एका कपाला 60 मिली. चार कपांचं 240 मिली, म्हणजे जवळजवळ 290 मिलिग्रॅम कॅल्शियम. आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, एकूण 40 ग्रॅम, म्हणजे 160 कॅलरी. चहासोबत टोस्ट. त्यांनी रात्रीचं हळदीचं दूध बंद केलं होतं, चहा आणि टोस्ट जागच्या जागी होते.

म्हैस, गाय, टोन्ड, डबल टोन्ड

इथे निवड खरोखर महत्त्वाची आहे, म्हणून थोडं थांबते.

आपल्या विदर्भाची नागपुरी म्हैस, ती लांब चपट्या, तलवारीसारख्या खांद्यापर्यंत मागे गेलेल्या शिंगांची, तिच्या दुधात स्निग्ध सात टक्के किंवा त्याहूनही जास्त असतं. वर्धा-नागपूरकडच्या गवळाऊ गायीचं दूध त्यापेक्षा बरंच पातळ. पाकिटात फुल क्रीम म्हणजे किमान 6 टक्के स्निग्ध, टोन्ड 3 टक्के, डबल टोन्ड 1.5 टक्के. आता पाव लिटरचा पेला घ्या. म्हशीच्या दुधात साधारण 270 कॅलरी, गायीच्या पावणेदोनशेच्या आसपास, टोन्डमध्ये दीडशे, डबल टोन्डमध्ये सव्वाशे. कॅल्शियम मात्र चारही पेल्यांत 300 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हशीच्या दुधात झालं तर थोडं जास्तच. स्निग्ध काढलं म्हणून कॅल्शियम जात नाही, ते खालच्या पातळ भागात असतं.

आजीच्या काळापासून आपण हा प्रयोग घरीच करतो आहोत. दूध मंद आचेवर तापवून, गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी कडेने सुरी फिरवा, साय पोळीसारखी अख्खी उचलून येते, खाली तिचे पिवळसर थेंब ओघळतात. ती विरजणाच्या डब्यात जाते, तिचं लोणी आणि तूप होतं. खाली राहिलेल्या दुधात स्निग्ध बरंच कमी झालेलं असतं, कॅल्शियम जवळपास तेवढंच. वजन आवरायचं आहे आणि गवळ्याचं म्हशीचं दूध सोडवत नाही, त्यांनी एवढं केलं तरी पुरे. ते तूप मग पोळीवर किती पडतं, तेवढं बघायचं.

लहान मुलांना आणि खंगलेल्या म्हाताऱ्यांना मात्र डबल टोन्ड देऊ नका. त्यांना त्या कॅलरी हव्या असतात.

दही, ताक, पनीर, खवा

ज्यांचं दूध प्यायलं की पोट गुडगुडतं त्यांच्यासाठी दही दुधापेक्षा सरस. विरजणाचे जंतू दुधातली साखर बरीच फोडतात. दीडशे ग्रॅमच्या वाटीत 180 ते 200 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. अमेरिकेत 1 लाख 20 हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या, त्यात रोज दही खाणाऱ्यांचं वजन वयानुसार कमी वाढलेलं दिसलं, दुधाचा मात्र फारसा इकडेतिकडे परिणाम दिसला नाही. दही खाणारी माणसं एरवीही जपून खाणारी असू शकतात, हे धरूनच तो निष्कर्ष वाचायचा. तरी माझा कौल दह्याला आहे. साखर न घातलेल्या.

ताकाबद्दल स्पष्ट सांगते, कारण इथे फसगत होते. मे महिन्यात पारा 45 वर गेला की नागपुरात मठ्ठ्यावाचून निभत नाही आणि निभूही नये. पण एका वाटी दह्याचं चार ग्लास ताक केलं, तर प्रत्येक ग्लासात पन्नास मिलिग्रॅमच्या आसपासच कॅल्शियम येतं. तहानेला उत्तम, कॅलरी नगण्य, पण "मी रोज ताक पिते, मला दूध नको" हा हिशेब जुळत नाही. श्रीखंडाचंही तसंच. चक्का टांगला की आंबट पाण्याबरोबर कॅल्शियम ठिबकून जातं. ते पाणी फेकू नका, कणीक त्यात भिजवा.

पनीर 50 ग्रॅमला सुमारे 240 मिलिग्रॅम आणि 130 कॅलरी: चांगला सौदा, तेलात न परतता. खवा आणि संत्रा बर्फी सणाला खावी आणि कॅल्शियमच्या नावाखाली खाऊ नये.

तीळ, जवस, नाचणी, पालेभाज्या

तिळात 100 ग्रॅमला हजारावर मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, म्हणून लोक म्हणतात की दुधाच्या आठपट. पण तीळ आपण 10 ग्रॅम खातो आणि दूध 250 मिली. शिवाय तिळाचं कॅल्शियम बरंचसं सालीत, ऑक्झॅलेट नावाच्या वनस्पतींतल्या घटकाने धरून ठेवलेलं असतं. दुधातलं साधारण तीस टक्के अंगी लागतं. पालकातलं पाच टक्क्यांच्या आसपास. नाचणी 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात जाते, म्हणून आठवड्यात दोनतीनदा ज्वारीऐवजी नाचणीची भाकर करायला माझी काही हरकत नाही. ज्वारीत कॅल्शियम फार थोडं असतं. शेवग्याचा पाला, मेथी, कढीपत्ता चांगले. आणि आपली जवसाची चटणी, तीळ घालून, रोज दोन चमचे: पूरक म्हणून हिला तोड नाही. दूध अजिबात न घेणाऱ्यांना हे सगळं रोज, ठरवून खावं लागतं. जमतं, पण कष्ट आहेत.

चुन्याबद्दल वहिनींनीच विचारलं. "मोबाईलवर आलंय ताई, गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात घालायचा म्हणून." गव्हाच्या दाण्याएवढ्या चुन्यात कॅल्शियम फार तर वीसतीस मिलिग्रॅम. दोन मोठे चमचे दुधातही तेवढं असतं. त्यासाठी तोंडाची आणि अन्ननलिकेची आतली त्वचा भाजणारा पदार्थ कशाला घ्यायचा? तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यातल्या चुन्याने जी तोंडं या शहरात सोलली जातात ती मी पाहिली आहेत. घेऊ नका.

गोळी, आणि मुतखडा

पाकिटावर "1250 मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट" लिहिलं असेल तर खरं कॅल्शियम 500 मिलिग्रॅम. एका वेळी 500 च्या वर शरीर नीट घेत नाही, म्हणून दोन गोळ्या एकदम घेण्यात अर्थ नाही. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावी, सायट्रेट (कॅल्शियमच्या गोळीचा दुसरा प्रकार) कधीही चालते, आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना सायट्रेटच बरी. लोहाची गोळी वेगळ्या वेळी.

मुतखडेवाल्यांचं दूध तोडणं ही मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला पकडतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. दूध-दही बंद केलं की ते ऑक्झॅलेट मोकळं राहतं, रक्तात आणि लघवीत उतरतं आणि तिथे खडा बनवतं. 1993 मध्ये 45 हजारांवर पुरुषांच्या पाहणीत आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झालेले दिसले. उलट, वर सांगितलेल्या 36 हजार बायकांच्या चाचणीत गोळ्या घेणाऱ्या गटात खडे 17 टक्के जास्त निघाले. म्हणजे कॅल्शियम तेच, पण वाटीतलं वेगळं आणि पाकिटातलं वेगळं. भाऊजींना कमी करायचं होतं ते मीठ, आणि वाढवायचं होतं पाणी. विदर्भाच्या उन्हात घामाने लघवी घट्ट होते, तिकडे आधी लक्ष द्यायला हवं.

आता हाडांखेरीज. कमी स्निग्ध दूध-दही, फळं आणि भाज्या यांच्या एकत्रित आहाराने रक्तदाब उतरतो हे 1997 मध्ये डॅश आहाराच्या चाचणीत दिसलं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दूधदुभत्याने कमी होतो असं मानायला बऱ्यापैकी पुरावा आहे. पुरुषांमध्ये फार जास्त दुग्धाहाराचा प्रोस्टेटच्या कर्करोगाशी संबंध काही अभ्यासांत दिसतो, म्हणून दिवसाला लिटर-दीड लिटर पिण्याचा सल्ला मी कुणालाच देत नाही.

आणि डी जीवनसत्त्वाशिवाय हे सगळं कॅल्शियम आतड्यातून पुढे जात नाही. सीताबर्डीच्या सिग्नलला उभ्या असलेल्या बायका बघा: डोक्याला-तोंडाला दुपट्टा, हातात कोपरापर्यंत मोजे. उन्हाळ्यात ते बरोबरच आहे. पण मग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अकरानंतरच्या उन्हात वीस मिनिटं हात-पाय उघडे ठेवून गच्चीवर बसा. कोवळ्या उन्हात डी फारसं बनत नाही.

आता खालच्या घरात काय ठरलं ते सांगते. सासूबाईंना दुपारी दही, रात्री साय काढलेलं दूध, जवसाची चटणी, आणि तरीही 1200 ला कमी पडतं म्हणून डॉक्टरांनी दिलेली एक गोळी रात्रीच्या जेवणासोबत. भाऊजींना दोन्ही जेवणांत वाटीभर दही. वहिनींना डबल टोन्ड, दोनच कप चहा आणि अर्धा चमचा साखर.

निघता निघता मी फ्रिजवरची गोळ्यांची डबी उघडली. गुडघे दुखतात म्हणून वहिनी सासूबाईंच्या पाकिटातली कॅल्शियमची गोळी स्वतःही घेत होत्या, सकाळी उठल्या उठल्या, थायरॉइडच्या गोळीबरोबर एकाच घोटात. कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच अडवतं, दोन्हींमध्ये किमान चार तास हवेत. "सहा महिने झाले न ताई असं घेऊन," त्या म्हणाल्या. कॅल्शियमची गोळी त्यांनी डॉक्टरांना विचारेपर्यंत बंद ठेवली आहे. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, सहा आठवड्यांनी पुन्हा करायचा आहे, तोवर वजनकाट्यावर चढायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे.