राजगड एका दिवसात: ट्रेक ग्रुपची बस की स्वतःची गाडी आणि गाईड?

पुण्याहून राजगड एका दिवसात करायचा तर बहुतेकांसमोर दोन पर्याय असतात. शनिवार-रविवारी निघणाऱ्या ट्रेक ग्रुपला माणशी हजाराच्या आगेमागे पैसे भरून बसमध्ये जागा धरायची, किंवा आपल्यापुरती गाडी आणि आपल्यापुरता गाईड ठरवायचा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात राजगड आहे. तेव्हापासून सुट्टीत पुण्याला येणारी परदेशातली भाचेमंडळी, ऑफिसातले अमराठी सहकारी, गुडघे सांभाळून असणारे काका-काकू, सगळ्यांचा हाच प्रश्न असतो. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना सांगते: प्रायव्हेटला जे जास्तीचे पैसे जातात त्यांत तुम्ही मुख्यतः घड्याळ विकत घेता. किती वाजता निघायचं, कुठे किती थांबायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे तुमच्या हातात येतं. त्याची गरज नसेल तर ग्रुप उत्तम.

घड्याळ म्हणजे नेमकं काय

ग्रुपची बस पहिला माणूस घेते पिंपरी-चिंचवडला किंवा शिवाजीनगरला, मग डेक्कन, स्वारगेट, कात्रज. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ‘पाच मिनिटांत पोहोचतोय’ असतोच. मग हायवेवर नाष्टा. चाळीस जणांचे पोहे आणि चहा एका हॉटेलात व्हायला तासभर जातो. नसरापूर फाट्याला वळून, मार्गासनीवरून गडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावात पोहोचल्यावर ओळखपरेड होते, सूचना होतात, आणि चढाईला सुरुवात होईतो साडेनऊ वाजतात. डिसेंबरात त्याचं काही वाटत नाही. ऑक्टोबरच्या किंवा मार्चच्या उन्हात मात्र तोच चढ दुप्पट वाटतो.

स्वतःची गाडी असेल तर साडेचारला घर सोडून सव्वासहाला गुंजवणे गाठता येतं. पहाटे रस्ता मोकळा असतो, अंतर साठेक किलोमीटर. उजाडता उजाडता चालायला लागलात की रमतगमत चढूनही नऊच्या सुमारास पद्मावती माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाटीवर असता. याचा खरा फायदा कळतो गुंजवण्याच्या वाटेवरच्या चोरदरवाजाच्या अलीकडे. शेवटच्या टप्प्यात वाट कातळात शिरते. रेलिंग आहे, पण जागा एका वेळी एकाच माणसाची. रविवारी दहानंतर तिथे अक्षरशः रांग लागते. चढणारे आणि उतरणारे एकमेकांना वाट देत उभे, मागून कोणीतरी स्पीकर लावलेला, आणि कातळ तापत चाललेला. आठला तिथे पोहोचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

गड मोठा आहे, हेही लोक लक्षात घेत नाहीत. मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. ग्रुपच्या कार्यक्रमात साधारणपणे पद्मावती, बालेकिल्ला आणि जमलं तर सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, एवढंच बसतं. संजीवनी बहुधा राहते, कारण तिच्या टोकापर्यंत जाऊन यायला सहज दोन तास लागतात आणि तेवढा वेळ चाळीस माणसांना घेऊन निघत नाही. माझ्या मते राजगडावर पाहण्यासारखं सगळ्यात मोठं बांधकाम तिथेच आहे. दुहेरी तटबंदी, दोन भिंतींमधून खाली उतरणाऱ्या अरुंद वाटा, टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली माची. ज्याला किल्ला ‘बघायचा’ आहे, नुसता चढायचा नाही, त्याने संजीवनीसाठी तरी आपलं घड्याळ आपल्याकडे ठेवावं.

आणखी एक सोय फक्त आपल्या गाडीतच जमते. गुंजवण्यातून चोरदरवाजाने चढायचं आणि पाली दरवाजाने उतरायचं. ड्रायव्हरला सांगून ठेवलं की तो गाडी फिरवून पालीच्या बाजूला आणून थांबतो. पालीची वाट राजमार्ग आहे, रुंद, बऱ्याच ठिकाणी पायऱ्यांची, कातळ चढण्याची भानगड नाही. दमलेल्या पायांना उतरताना तीच बरी. ज्येष्ठ मंडळी किंवा आठ-दहा वर्षांची मुलं बरोबर असतील तर जाताना-येताना दोन्ही वेळा पालीच धरा. चोरदरवाजा पुढच्या खेपेला.

पैसे

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे गाडीचे दोन हजार होतील, असा हिशेब मनात असतो. पण शहराबाहेरच्या गाडीला बहुतेक ट्रॅव्हल्सवाले दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटर धरतात, तुम्ही दीडशे फिरलात तरी. किलोमीटरला 14 रुपये आणि किमान 300 धरलं तर चार जणांच्या गाडीचे 4,200 रुपये तिथेच झाले. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता 400, टोल 200 आणि गावातल्या गाईडचे 1,500 धरू. जेवण माणशी 200 प्रमाणे, गाईड आणि ड्रायव्हर धरून सहा जणांचं 1,200. एकूण 7,500, म्हणजे माणशी 1,875. दोघंच असाल तर हाच दिवस माणशी साडेतीन हजारांवर जातो. सहा जण मिळून मोठी गाडी केली, तिचा दर 19 रुपये धरला, तर माणशी साधारण 1,570. दर गाडीगणिक आणि हंगामागणिक बदलतील, पण हिशेबाची रीत हीच.

म्हणजे चार-सहा जणांच्या कुटुंबाला ग्रुपपेक्षा माणशी पाचशे ते नऊशे रुपयेच जास्त पडतात. दोघांना मात्र चटका बसतो. दोघांनी शक्यतो स्वतःच्या गाडीने जावं आणि फक्त गाईडवर खर्च करावा. त्यात एकच अडचण, दिवसभर गड उतरून-चढून आल्यावर कात्रजच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी चालवायची ती तुम्हीच.

गाडी ठरवताना पिवळ्या नंबरप्लेटचीच घ्या. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या प्लेटची गाडी ‘डिझेल आणि वर थोडे’ म्हणून स्वस्तात मिळते खरी, पण भाड्याने चालवलेल्या खाजगी गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणि ड्रायव्हर आदल्या रात्री कुठून आला आहे, हे सरळ विचारा. बस असो की कार, पहाटे चारला स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाची रात्रीची झोप पूर्ण झालेली असणं हीच दिवसाची पहिली सुरक्षितता आहे.

गाईड शहराचा की गावचा

प्रायव्हेट सहल विकणारे गाईड या एकाच शब्दात दोन वेगळी माणसं विकतात. एक शहरातून तुमच्याबरोबर येतो. इतिहास बोलतो, हिंदी-इंग्रजी सांभाळतो, फोटो काढतो. दुसरा गुंजवण्यात किंवा पालीत राहतो आणि गडावर लहानपणापासून जातो-येतो.

पाहुणे अमराठी असतील, किंवा ज्याला गोष्ट ऐकायची आहे असा कोणी असेल, तर शहरातल्याचे पैसे वसूल होतात. राजगड म्हणजे नुसते दगड नाहीत. मुरुंबदेवाच्या डोंगरावर उभी राहिलेली राजधानी, रायगडाच्या आधी स्वराज्याचा कारभार पंचवीसेक वर्षं इथून चालला. 1659 मध्ये सईबाईंचं निधन इथे झालं, 1665 च्या पुरंदरच्या तहातही हा गड महाराजांनी आपल्याकडे राखला, आग्र्याहून सुटून 1666 मध्ये ते इथेच परतले, 1670 मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथला. हे सगळं जागेवर उभं राहून ऐकण्यात मजा आहे. फक्त सांगणारा पारखून घ्या. माझी साधी परीक्षा: अफजलखानाचं मस्तक इथे पुरलं का, असं फोनवरच विचारायचं. ‘बालेकिल्ल्याच्या दरवाजाजवळ पुरलं असं सांगतात’ म्हणणारा माणूस आख्यायिका आणि कागद वेगळे ठेवतो. छातीठोकपणे जागा दाखवायला निघालेला दिवसभर तसंच बोलणार.

या गाईडला गाडीत सीट लागते, हे विसरू नका. चार जणांच्या गाडीत तुम्ही चौघं आणि ड्रायव्हर बसलात की तो बसणार कुठे? मग मोठी गाडी, म्हणजे वरच्या हिशेबात आणखी दीड हजार.

चढायला-उतरायला मात्र गावचा माणूसच हवा. गेल्या हिवाळ्यात बालेकिल्ल्यावरून उतरताना आमच्या पुढे साठीच्या एक बाई होत्या. चढताना उत्साहात गेल्या, उतरताना त्या उभ्या पायऱ्यांवर रेलिंग दोन्ही हातांनी धरून बसल्या. पाय हलेना. त्यांचा गाईड गुंजवण्याचा, विशीतला पोरगा. तो त्यांच्या खालच्या पायरीवर तोंड वर करून उभा राहिला आणि त्यांचा बूट हातात धरून एकेका खोबणीत ठेवायला लागला. “मावशी, खाली बघू नका, माझ्याकडं बघा. डावा इथं. आता उजवा. अंग कातळाकडं ठेवा, रेलिंगला लोंबकळू नका.” मागे पंधरा-वीस जण खोळंबले होते. एकाने घाई केली, तर तो न वळता म्हणाला, “थांबा जरा, मावशी उतरतायत.” पुढच्या दहा मिनिटांत बाई खाली होत्या. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये लीडर पुढे असतो, दुसरा शेपटाला. मधल्या माणसाचा बूट धरायला कोणी नसतं.

गावच्या माणसाचा दुसरा फायदा कोणी जाहिरातीत लिहीत नाही. सुवेळा माचीच्या बाजूला कड्यांवर आग्या मोहोळं असतात. कुठलं कधी उठलंय, कुठे धूर करायचा नाही, आज त्या बाजूला जायचं की नाही, हे त्याला आदल्या दिवशीच ठाऊक असतं. कोणाचा पाय मुरगळला तर तो गावात चार फोन लावतो आणि माणसं वर येतात. शहरातला गाईड एकटाच असेल तर जखमीपाशी थांबायचं की मदतीला धावायचं, हा प्रश्न त्याला पडतो. म्हणून माझी शिफारस अशी: गाडी पुण्याची, गाईड गावचा, आणि इतिहासाची भूक असेल तरच शहरातला माणूस जोडीला. पिठलं-भाकरीही त्याच गावच्या घरात सांगून ठेवली की उतरल्यावर चुलीवरची गरम मिळते.

ग्रुप कोणासाठी बरा

एकट्याने जाणाऱ्यासाठी जवळजवळ नेहमीच. पैशाचं तर आहेच, पण एकट्या मुलीला अनोळखी ड्रायव्हर आणि अनोळखी गाईडबरोबर दिवसभर जाण्यापेक्षा, ज्यात बाई लीडर आहे असा ग्रुप केव्हाही बरा वाटेल. नवीन ओळखी होतात, पुढचे ट्रेक ठरतात, तो एक वेगळाच आनंद आहे. कॉलेजच्या पोरांनी तर प्रायव्हेटचा विचारसुद्धा करू नये. काही दुखापत झालीच तर उचलायला हातही जास्त असतात.

फक्त ग्रुप निवडताना इन्स्टाग्रामवरच्या रील बघून जाऊ नका. किती माणसांमागे किती लीडर, हे विचारा. पंचेचाळीस जणांना तीन असतील तर दुसरा ग्रुप बघा. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी दाखवा म्हटल्यावर जो आढेवेढे घेतो, त्याला नमस्कार करावा. प्रायव्हेट सहल विकणाऱ्यालाही हाच प्रश्न लागू.

एसटीचा पर्याय आहेच, स्वारगेटहून वेल्ह्याची गाडी पकडून मार्गासनीला उतरायचं आणि पुढे वडाप, म्हणजे शेअर जीप. भटक्या माणसाला छान. पण परतीच्या गाडीची धाकधूक दिवसभर राहते, त्यामुळे पाहुण्यांना घेऊन नको.

मुंबईहून येणाऱ्यांनी राजगडाचा प्रायव्हेट एकदिवसीय बेत करूच नये, असं माझं मत. जाऊन-येऊन आठ-दहा तास गाडीतच जातात आणि विकत घेतलेलं घड्याळ एक्सप्रेसवेवर संपतं. शुक्रवारी रात्री पुण्यात किंवा गडाखालच्या गावात मुक्काम करा आणि मग सकाळी गाईड घ्या. आणि घरातल्या आजी-आजोबांना ‘एक तरी किल्ला’ दाखवायचा असेल तर राजगडाचा हट्ट सोडून लोहगडाला न्या. तोही युनेस्कोच्या त्याच बारांतला, वरपर्यंत पायऱ्या, गाडी लोहगडवाडीपर्यंत जाते आणि गाईडवाचून अडत नाही.

पैसे भरण्याआधी

पावसाळ्यात जात असाल तर एक गोष्ट लेखी घ्या. जोराचा पाऊस झाला की जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात आणि गडावर जाणं बंद होतं, कधी कधी आदल्या संध्याकाळी. तेव्हा आगाऊ रक्कम परत मिळणार, की ‘पुढच्या तारखेला या’? ग्रुप बहुधा तारीख बदलून देतात, जी पुण्यात राहणाऱ्याला चालते आणि मंगळवारी विमान असलेल्याला अजिबात चालत नाही. प्रायव्हेटमध्ये गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा, की गड बंद निघाला तर त्याच पैशात बनेश्वर, पाबे घाट आणि पानशेतच्या बाजूने परत असा फेरा करेल. बहुतेक तयार होतात, किलोमीटर तेवढेच असतात. गाईडला मात्र त्या दिवशी काम मिळालेलं नसतं. त्याला थोडी रक्कम द्यायची का, हे तारीख ठरवतानाच त्याच्याशी बोलून घ्या, म्हणजे सकाळी सहाला फोनवर घासाघीस होत नाही.